पन्नास गुणिले चार

नंदुरबारच्या बाजार समितीत ओल्या लाल मिरचीची आवक सुरू झाली, की शहराभोवतीच्या पथाऱ्या तांबड्या होऊन जातात. त्या दिवसांत मुरलेला व्यापारी मालाच्या गाडीजवळ उभा राहतो, चार मिरच्या हातात घेतो, एक मोडून पाहतो; बी किती, साल किती, पाणी किती याचा अंदाज मनाशी बांधतो आणि मगच भाव बोलतो. समोर दिसणारे वजन ओल्या मालाचे आहे आणि विकायचे वजन मात्र सुक्या मालाचे असणार, ही गोष्ट त्यास कोणी शिकवावी लागत नाही. ती त्याच्या बोटांना ठाऊक असते.

हाच व्यापारी दिवाळीच्या तोंडावर मुलाबरोबर मोटारीच्या साहित्याच्या दुकानात शिरला, की त्याची बोटे मुकी होतात. समोर दहा इंची काचेचा चकचकीत पडदा, त्याच्या कडेने धावणारे निळे दिवे, खोक्यावर ठळक आकडे: '५० वॅट × ४'. दुकानदाराचा स्वर आर्जवी असतो. "शेठ, याच्यापुढे सध्या बाजारात काहीच नाही." किंमत अडतीस हजार. मुलाचे मन आधीच ठरलेले. "गाण्याला एवढे पैसे?" असे वडील विचारतात, आणि "पप्पा, गाडी चौदा लाखांची घेतली, आता एवढ्यासाठी कशाला अडवता?" असे उत्तर येते. दोघेही आपापल्या जागी खरे असतात. अडचण इतकीच, की मिरची मोडून पाहावी तसा हा माल मोडून पाहण्याची रीत दोघांपैकी एकाकडेही नसते. मग निर्णय एकतर वडिलांच्या रागाने होतो किंवा मुलाच्या हट्टाने, आणि पुढे कित्येक महिने गाडीत बसल्यावर तो विषय निघत राहतो.

वस्तुतः रीत आहे, आणि ती अवघड नाही.

मोटारीतील संगीत हा आरंभापासूनच महागडा शौक होता. अमेरिकेत पॉल गॅल्विन आणि त्यांच्या बंधूंनी १९३० मध्ये मोटारीत बसणारा रेडिओ विक्रीस आणला आणि त्यास 'मोटोरोला' हे नाव दिले. पुढे कंपनीच त्या नावाने ओळखली जाऊ लागली. त्या रेडिओची किंमत सव्वाशे डॉलरच्या आसपास होती, म्हणजे त्या काळच्या साध्या मोटारीच्या किमतीचा जवळजवळ पाचवा हिस्सा. १९३२ मध्ये जर्मनीत ब्लाऊपुंक्ट कंपनीने आणलेला मोटार-रेडिओ तर लहान गाडीच्या तृतीयांश किमतीला पडे. फिलिप्सची छोटी कॅसेट १९६३ मध्ये आली आणि काही वर्षांतच ती मोटारीत शिरली. भारतात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओ बाळगण्यास पोस्टातून परवाना काढावा लागे. ॲम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात कॅसेटचा संच बहुधा बाजारातून आणून बसवला जाई, आणि नव्वदीनंतर चोरीच्या भीतीने त्याचा दर्शनी भाग काढून खिशात घालून फिरणारी मंडळी ज्येष्ठ वाचकांस आठवत असतील. त्या काळी संच बदलणे सोपे होते. जर्मन मानकानुसार रेडिओच्या खाचेचे माप १८० मिलिमीटर रुंद व ५० मिलिमीटर उंच असे ठरून गेले होते. पुढे दुप्पट उंचीचे मापही रूढ झाले. कोणत्याही कंपनीचा संच कोणत्याही गाडीत बसे.

आज तसे राहिलेले नाही. नव्या गाडीचा पडदा गाडीच्या देहाचाच भाग असतो. मागचा कॅमेरा, स्टिअरिंगवरील बटणे, काही गाड्यांत तर वातानुकूलनाची व्यवस्थाही त्याच पडद्याशी जोडलेली असते. म्हणून आज स्टिरिओ बदलणे म्हणजे भिंतीवरचे घड्याळ बदलणे नव्हे. ते घरातील विजेची जोडणी बदलण्यासारखे आहे. दुकानदार हे आपण होऊन सांगेलच असे नाही.

ओला माल आणि सुका माल

आता खोक्यावरील त्या आकड्याकडे वळू. पन्नास गुणिले चार, म्हणजे दोनशे वॅट. हा आकडा खोटा आहे का? सरळ खोटा म्हणता येणार नाही. तो ओल्या मिरचीचे वजन आहे.

इंजिन चालू असताना गाडीच्या विजेचा दाब सुमारे १४.४ व्होल्ट असतो. डॅशबोर्डमधील साध्या संचाला यापेक्षा अधिक दाब मिळत नाही. गाडीतील स्पीकर बहुधा चार ओहमचे असतात. शाळेतील विज्ञानाचे सूत्र घेतले, तर दाबाचा वर्ग भागिले रोध, म्हणजे १४.४ गुणिले १४.४ भागिले ४. उत्तर येते ५१.८. हेच ते 'पन्नास वॅट'. पण हा आकडा केव्हा मिळतो? आवाज पूर्ण वाढवून तो इतका फाटला, की ध्वनिलहरीची गोलाई जाऊन ती चौकोनी झाली, तेव्हा. त्या अवस्थेत गाणे गाणे राहत नाही. ती करकर असते. लहर शुद्ध आणि गोल ठेवायची असेल, तर त्याच दाबातून कमाल निम्मी शक्ती मिळते, म्हणजे सुमारे २६ वॅट, आणि यंत्रातील घट वजा जाता प्रत्यक्षात वीसच्या आसपास. हा सुका माल. यास 'आरएमएस' शक्ती म्हणतात. चांगल्या कंपन्या तो आकडा माहितीपुस्तिकेच्या मागील पानांवर, बारीक टंकात का होईना, देतात. जी कंपनी तो देतच नाही, तिच्या खोक्यावरील बाकीच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा, हे व्यापाऱ्यास सांगणे नको.

ज्यास सूत्रे नकोशी वाटतात त्याच्यासाठी दुसरी कसोटी आहे, आणि ती जमाखर्चाची आहे. संचाच्या मागे एक फ्यूज असतो. तो पुष्कळदा दहा किंवा पंधरा अँपिअरचा असतो. दहा अँपिअरचा असेल, तर १४.४ व्होल्टने गुणून सुमारे १४४ वॅट एवढीच वीज त्या खात्यात सलग जमा होऊ शकते. तीही सगळी स्पीकरपर्यंत जात नाही. पडदा, प्रोसेसर आणि उष्णता यांचा खर्च आधी वळता होतो. ज्या खात्यात एकशे चव्वेचाळीस जमा होतात, त्यातून दोनशेचा धनादेश सतत वटणार नाही. एवढ्यासाठी वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. वॅट वाढले म्हणजे आवाज त्याच प्रमाणात वाढतो, हाच मुळात गैरसमज आहे. शक्ती दुप्पट केली तर आवाज तीन डेसिबलने वाढतो, आणि कानास आवाज 'दुप्पट' वाटण्यास शक्ती जवळजवळ दहापट लागते. एका खोक्यावर ५० आणि शेजारच्या खोक्यावर ५५ लिहिले असेल, तर त्या दोहोंतील फरक अर्ध्या डेसिबलहूनही कमी आहे. एवढा फरक साध्या कानास कळत नाही. तरीही त्या पाच वॅटसाठी दोन-तीन हजार रुपये अधिक मोजणारे ग्राहक भेटतात. कुटुंबासह प्रवास करताना, बोलणे ऐकू येईल अशा बेताने गाणे लावले, तर प्रत्यक्षात वापरली जाणारी शक्ती दोन-चार वॅटच्या पुढे क्वचितच जाते.

मग चांगला आवाज येतो कोठून? मुख्यतः स्पीकरमधून आणि दारातून. स्पीकरच्या माहितीपत्रकात 'सेन्सिटिव्हिटी' नावाचा एक आकडा असतो: एक वॅट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो. एक स्पीकर ८७ डेसिबलचा आणि दुसरा ९० डेसिबलचा असेल, तर दुसरा बसवणे म्हणजे संच न बदलता त्याची शक्ती दुप्पट करण्यासारखे आहे. आणि दार? मोटारीच्या दाराचा पत्रा पातळ असतो. आत स्पीकर वाजू लागला की पत्राही त्याच्याबरोबर थरथरतो आणि डग्ग्याचा घुमार पत्र्याच्या खडखडाटात विरून जातो. दाराच्या आतून ब्युटाइल रबराचे पत्रे चिकटवले, तर ही थरथर थांबते. शिवाय रस्त्याचा आवाजही काहीसा कमी होतो. हे काम दिसत नाही. शेजाऱ्यास दाखवता येत नाही. म्हणून त्यास गिऱ्हाईक कमी आणि निळ्या दिव्यांना अधिक. वास्तविक अडतीस हजारांच्या संचाऐवजी मूळ संच तसाच ठेवून दहा-पंधरा हजारांत चांगले स्पीकर आणि दारांचे अस्तर केले, तर बहुतेक गाड्यांत आवाज अधिक सुधारतो. ज्या दुकानदाराने हे ग्राहकास आपणहून सांगितले, त्याच्याकडे पुढची खरेदीही निःशंकपणे करावी.

देखणेपणाचीही किंमत असते

येथे एक सावधगिरी घेणे न्याय्य ठरेल. देखणेपणास काही किंमतच नाही, असे म्हणणे ढोंगीपणाचे होईल. दुकानाची पाटी, लग्नपत्रिकेचा कागद, तिजोरीवरील पितळी मूठ यांवर व्यापारी कुटुंबे हौसेने खर्च करतातच, आणि त्यात गैर काही नाही. गाडीत रोज बसायचे, तर समोरचा पडदा सुबक असावा, अक्षरे ठसठशीत असावीत, रात्री डोळ्यांस न टोचणारा प्रकाश असावा, ही अपेक्षा रास्त आहे. मात्र खातेवहीत ही रक्कम स्वतंत्र नावाने पडली पाहिजे. 'आवाजासाठी इतके, सोयीसाठी इतके, आणि रूपासाठी इतके' अशी विभागणी ग्राहकाने मनाशी केली, तर फसवणूक होत नाही. रूपाचे वीस हजार आवाजाच्या नावे लिहिले गेले, की ताळेबंद चुकतो.

सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, तेव्हा झूल, गोंडे आणि पैंजण पाहून गर्दी जमते. पण घेणारा जाणकार झूल बाजूला सारतो, दात पाहतो, खूर पाहतो आणि घोडा चालवून पाहतो. स्टिरिओसही चालवून पाहावे लागते. दुकानातील फळीवर ओळीने मांडलेल्या स्पीकरांवर सगळेच संच गोड वाजतात, कारण तेथे निवडलेले गाणे दुकानदाराचे असते आणि त्यात खर्ज भरपूर भरलेला असतो. ग्राहकाने आपले गाणे पेनड्राइव्हमध्ये घालून न्यावे. ज्या गाण्याचा प्रत्येक श्वास ओळखीचा आहे, असे एखादे जुने भावगीत, शास्त्रीय गायनाची एखादी ध्वनिमुद्रिका, किंवा घरात रोज सकाळी लागणारे स्तवन. तानपुऱ्याची तार गायकाच्या मागे वेगळी ऐकू येते का, 'स' आणि 'श' कानास टोचतात का, आवाज पाऊणपट वाढवल्यावर शब्द फुटतात का, एवढे पाहिले तरी पुरे. मग गाणे थांबवून आवाज पूर्ण वाढवावा. सूं असा सततचा नाद आला, तर आतील जोडणी हलकी आहे असे समजावे.

पडद्याची परीक्षा दुकानाच्या सावलीत होत नाही. नंदुरबारच्या उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत डॅशबोर्डचे तापमान त्याहून पुष्कळ अधिक असते. हलक्या प्रतीचे अँड्रॉइड संच अशा उष्णतेत मंदावतात, अडखळतात, कधी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतात. त्यांच्या जाहिरातीत मेमरीचे मोठमोठे आकडे असतात, आणि पडद्यावर दिसणारा आकडा आतील वस्तूशी जुळतोच असे नाही. तो दाखवणारी प्रणाली बदलून ठेवलेले संचही बाजारात आढळतात. त्यापेक्षा एक साधी गोष्ट घड्याळ लावून पाहावी. किल्ली फिरवल्यापासून संच पूर्ण सुरू होण्यास किती सेकंद लागतात? आणि लगेच मागचा गिअर टाकला, तर कॅमेऱ्याचे चित्र केव्हा येते? अंगणातून गाडी मागे घेताना मागे नातवंड खेळत असेल, तर हे पंधरा सेकंद वॅटच्या आकड्याहून फार मोठे आहेत.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने आणखी एक परीक्षा आवश्यक आहे आणि ती बहुधा कोणी करत नाही: फोनची. दिवसभर भाव, ट्रक, उधारी यांचे फोन चालू असतात. गाडी थांबवून, इंजिन व पंखा चालू ठेवून संचातून एक फोन लावावा आणि पलीकडच्या माणसास विचारावे, "नीट ऐकू येते का?" मायक्रोफोन हलका असेल, तर पलीकडे 'सव्वाशे' आणि 'सव्वासातशे' यांत घोटाळा होतो. स्टिरिओच्या दोषाने झालेला असा सौदा निस्तरणे महागात पडते. अर्थात हात मोकळे असले, तरी मन मोकळे नसते; मोठा व्यवहार चालत्या गाडीत बोलूच नये, हे वेगळे.

घाटातील दोन सेकंद

स्टिरिओची परीक्षा शेवटी रस्त्यावरच होते, आणि नंदुरबार जिल्ह्यातील रस्ते मुंबईच्या जाहिरातींत दाखवतात तसे नाहीत. सुरतेकडे मालासाठी जाणारा नवापूरमार्गे जातो. धुळ्याकडे महामार्गाने जायचे, तर कोंडाईबारीचा घाट लागतो. तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैलीच्या वळणांवर पावसाळ्यात दरडी येतात. शहाद्याहून तोरणमाळला चढताना दोन्ही हातांना स्टिअरिंग पुरत नाही.

या वाटांवर आरंभी ठरवण्यासारखी गोष्ट एकच: आवाज कमी-जास्त करण्यास फिरवता येणारी खुंटी किंवा स्टिअरिंगवरील बटण आहे की नाही. काचेच्या पडद्यावर बोट नेमके ठेवण्यासाठी डोळे रस्त्यावरून हटवावे लागतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. ८० च्या वेगाने २२ मीटर. पुढचे गाणे शोधण्यास दोन सेकंद लागले, तर ८० च्या वेगात ४४ मीटर अंतर चालकाने जवळजवळ डोळे मिटून कापलेले असते. खुंटी अंधारातही हाताला सापडते. ती जुनाट दिसते म्हणून अनेक देखण्या संचांतून काढून टाकलेली आहे. या एका कारणासाठी स्वस्त संच महाग संचाहून चांगला ठरू शकतो, आणि घरात नवशिका चालक असेल, तर ठरवलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट रेंजची. इंटरनेटवरून गाणी वाजवणारी व्यवस्था शहरात सुखद आहे. सातपुड्यात शिरल्यावर मोबाइलची रेंज ठिकठिकाणी तुटते आणि पडद्यावर एक चक्र फिरत राहते. ज्याचा प्रवास अक्कलकुवा, मोलगी, धडगाव या बाजूस असतो, त्याने पेनड्राइव्ह नीट वाचणारा संच घ्यावा. मराठी व हिंदी नावे पडद्यावर देवनागरीत दिसतात की नुसते चौकोन दिसतात, हेही पाहून घ्यावे. तसेच पुष्कळ नव्या संचांत मध्यम लहरींचा रेडिओ नसतो किंवा नावापुरता असतो. घरातील ज्येष्ठांस जळगाव आकाशवाणी ऐकण्याची सवय असेल, तर हे दुकानातच विचारलेले बरे.

ज्येष्ठांचा विषय निघालाच आहे. स्टिरिओ निवडतो मुलगा, पैसे देतात वडील, आणि मागच्या आसनावर बसून तो ऐकते आई. बळसाण्यास विमलनाथांच्या दर्शनास किंवा मांगीतुंगीस जाताना तिने एखादे स्तवन लावण्यास सांगितलेले असते. वयपरत्वे कानाची बारीक, उंच स्वर टिपण्याची शक्ती कमी होते. शब्दांची व्यंजने त्याच स्वरांत असतात. म्हणून तिला नुसता घुमार ऐकू येतो, शब्द नाही. आणि ती "आवाज वाढव" म्हणते, तेव्हा पुढच्यांचे कान किटतात. यावर उपाय अधिक वॅटचा नाही. बहुतेक संचांत आवाज पुढच्या स्पीकरकडून मागच्या स्पीकरकडे सरकवण्याची सोय असते, आणि खर्ज थोडा उतरवून मध्यम व तार स्वर थोडे चढवता येतात. ही सोय कंपनीच्या मूळ संचातही असते. तिला एक पैसा लागत नाही. कित्येक घरांत नवा संच घेण्याचे जे कारण सांगितले जाते, ते या दोन मिनिटांच्या कामाने नाहीसे होते.

तरुणांच्या कानांचाही हिशेब आहे. ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत सोसतो असे मानले जाते, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. खिडक्या लावून, मोठ्या आवाजात सुरतेपर्यंतचा प्रवास केला, तर ही मर्यादा जाताना संपते. परतीचा प्रवास उधारीवर होतो. कानाची उधारी फेडता येत नाही. आणि शहरात शिरल्यावर निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घातली आहे, हेही डिकीत मोठा वूफर बसवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

खतावणी

आता पैशांकडे. समजा संच ३८,००० रुपयांचा आहे. पाच वर्षांनी तो कोणी घेतलाच, तर पाच हजारांच्या वर देणार नाही. म्हणजे घसारा ३३,०००. गाडीच्या मूळ किमतीत नसलेल्या विद्युत उपकरणांचा विमा वेगळा उतरवावा लागतो आणि त्याचा हप्ता साधारणतः उपकरणाच्या किमतीच्या ४ टक्के असतो. उपकरणाची उतरती किंमत सोडून ढोबळ हिशेब धरला, तरी वर्षास सुमारे दीड हजार, पाच वर्षांत साडेसात हजार. एकूण खर्च चाळीस हजारांच्या घरात.

जो व्यापारी दररोज तास-दीड तास गाडीत असतो आणि महिन्यातून दोनदा सुरत वा नाशिक करतो, त्याचे वर्षास तीनशे तास सहज भरतात. पाच वर्षांत दीड हजार तास; तासास सत्तावीस रुपये. हा दर महाग म्हणता येणार नाही. याउलट ज्याचे घर ते दुकान अंतर दोन किलोमीटर आहे, त्याचे वर्षास शंभर तास भरले तरी पुष्कळ. त्यास तोच संच तासास ऐंशी रुपयांना पडतो. एकच वस्तू, एकच किंमत; एकास परवडणारी आणि दुसऱ्यास उधळपट्टी. म्हणून 'हा स्टिरिओ त्याच्या किमतीचा आहे का?' हा प्रश्न दुकानात सुटत नाही, तो गाडीच्या किलोमीटरच्या आकड्यापाशी सुटतो. हीच रक्कम बँकेत ७ टक्क्यांनी पाच वर्षे ठेवली असती, तर सुमारे ५३,७०० झाली असती, हेही खरे. पण त्या न्यायाने घरात पैठणीही कोणी घेणार नाही.

गाडी नवीच घ्यायची असेल, तर प्रश्नाचे रूप बदलते. पुष्कळदा मोठा पडदा आणि नामांकित स्पीकर हवेत म्हणून वरचा प्रकार घेतला जातो. समजा फरक ६०,००० रुपयांचा आहे. तो गाडीच्या किमतीत मिसळतो. त्यावर वाहनकर लागतो (महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतील पेट्रोल गाडीस वैयक्तिक नोंदणीत तो ११ टक्के धरला, तर ६,६०० रुपये), आणि कर्ज काढले असेल तर व्याजही. ९ टक्क्यांनी पाच वर्षांच्या मुदतीत साठ हजारांचा मासिक हप्ता सुमारे १,२४५ रुपये, एकूण फेड ७४,७०० च्या पुढे. साठ हजारांचा पडदा असा ऐंशी हजार ओलांडतो. मात्र त्याची दुसरी बाजूही पाहावी: कंपनीच्या संचास गाडीबरोबरची हमी मिळते, त्याचा विमा गाडीच्या विम्यातच येतो, आणि वरच्या प्रकारात एअरबॅगा अधिक असतील, तर त्या साठ हजारांचे समर्थन स्टिरिओपेक्षा त्यांच्या नावे अधिक होते. विक्रेत्याकडून दोन्ही प्रकारांची तुलना लेखी घ्यावी आणि त्यात संगीताखेरीज आणखी काय मिळते ते मोजावे.

बाहेरून संच बसवताना तारा कापून जोडू देऊ नयेत. प्रत्येक गाडीसाठी तयार कपलर मिळतो; तो महाग वाटला तरी घ्यावा. कापलेल्या तारेमुळे पुढे विद्युत व्यवस्थेत बिघाड झाला, तर गाडीची कंपनी हमी नाकारू शकते, आणि तारेचा जोड सैल राहिला तर आगीचा धोका असतो. सेवा केंद्र सुरतेस आहे, नाशिकला आहे की मुंबईस, हे विचारावे. पडदा बिघडल्यावर तो किती दिवस बाहेर राहील हे त्यावरून कळते.

शेवटी पावती. दुकानदार हळूच विचारतो, "बिल पाहिजे का, शेठ? बिनबिलाचे दोन-अडीच हजार वाचतील." हा प्रश्न व्यापारी ग्राहकास विचारला जावा यात एक विनोद आहे, आणि पुष्कळदा त्याचे उत्तर "राहू दे" असे येते, यात विनोद उरत नाही. पक्क्या पावतीविना हमी नाही, विम्यात नोंद नाही आणि चोरी झाल्यास दावा नाही. अडीच हजारांच्या बचतीसाठी अडतीस हजार उघड्यावर पडतात. पावती पेढीच्या नावे घेणाऱ्यांनी जीएसटीचा परतावा मिळेलच असे गृहीत धरू नये. खासगी मोटारींच्या बाबतीत कायद्याने हा परतावा बहुतांशी अडवलेला आहे. आपल्या सनदी लेखापालास आधी विचारावे.

आणि काढलेला मूळ संच दुकानात सोडून येऊ नये. दुकानदार त्याचे पाचशे-हजार देऊ करतो. ते घेऊ नयेत. तो संच, त्याचे स्क्रू आणि कपलर नव्या संचाच्याच खोक्यात घालून, खोक्यावर गाडीचा क्रमांक व तारीख लिहून माळ्यावर ठेवावे. पाच-सात वर्षांनी गाडी विकायची वेळ येते, तेव्हा घेणारा मूळ संच मागतो. आणि नवा संच तोपर्यंत नीट वाजत असेल, तर तो काढून पुढच्या गाडीत बसतो का, हे पाहता येते.